खण नंबर एकशे सत्तेचाळीस

पप्पांनी प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटांचे नंबर तपासले,
म्हणून आमच्या घरी सिनेमांनाही नंबर होते.
नावानं कुणी मागत नसे.
आई म्हणायची, "त्रेसष्ट लावा हो, आज रडायचंय."
सिन्नरची आत्या आली की दोनशे चार.
लाल वहीत सगळं लिहिलेलं,
खाडाखोड झाली तर शेजारी सही.

तीनशे चकत्यांचं ते यंत्र
जेल रोडच्या दोन खोल्यांत
फ्रिजपेक्षा मानाच्या जागी बसायचं.
बटण दाबलं की आत चक्र फिरे,
घर्रर्र, खट्,
मग जो हात आम्ही कधीच पाहिला नाही
तो नेमकी चकती उचले.
बारा सेकंद. मी मोजलेत.
तेवढ्यात आई शेंगदाण्यांची ताटली आणायची
आणि हर्षल लोडाजवळची जागा बळकावायचा.

यंदा आतला रबरी पट्टा तुटला.
एम. जी. रोडवर तीन दुकानं फिरले.
तिसरा हसला, "म्युझियम काढताय का ताई?"

मग ही पेटी घेतली.
पोळ्यांच्या डब्याएवढी, काळी,
आत दोन हार्ड डिस्क,
एकीवर जे, तेच दुसरीवर.
एक गेली तरी दुसरी आहे.
पप्पांनी दोनदा समजावून घेतलं.
"म्हणजे डुप्लिकेट?"
तो शब्द त्यांच्या तोंडून अजून
गुन्हा नोंदवल्यासारखा येतो.

एप्रिल-मे मी चकत्या उतरवत बसले.
मऊ कापड, पुसायचं मधून कडेकडे, गोल गोल नाही.
दिवसाला सहा. रविवारी दहा.
लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.
आता पुण्यात बसून हर्षल त्रेसष्ट बघतो,
म्हणजे नावानं बघतो,
नंबर त्याच्या पोरांना माहीत नाहीत.
बोट लावलं की सिनेमा सुरू,
शेंगदाणे अजून कढईतच असतात.

एकशे सत्तेचाळीस मात्र अडली.
तीच ती जागा:
बाई स्टँडवर उभी, बस येतेय,
आणि तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात.
पुढचं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.
तिथं पप्पा उठून यंत्र बंद करायचे
आणि उभ्या उभ्या उरलेलं सांगायचे:
ती बसमध्ये चढते,
पण मधेच उतरते आणि चालत परत येते.
"अनवाणी?" हर्षल दर वेळी विचारायचा.
"एक चप्पल हातात. अंगठा तुटलेला."

हर्षलनं परवा जुन्या बाजारातून
तीच डीव्हीडी शोधून धाडली, धडधाकट.
रात्री एकटीनं शेवटपर्यंत पाहिली.
ती बसमध्ये चढते.
बस जाते.
मग नावं, वर सरकणारी,
बराच वेळ.

सकाळी पप्पा मेथी निवडत होते.
"तुम्ही हा थेटरात पाहिला होता ना?"
"दोनदा."
"मग ते चालत येणं?"
त्यांनी एक जुडी संपवली, दुसरीची दोरी सोडली.
"तुझी आई.
तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट.
सिन्नरच्या गाडीत बसली होती पिशवी घेऊन.
शिंद्याला उतरली.
तिथून पायी."
"का गेली होती?"
"मेथीत माती फार आहे," म्हणाले.

पेटी विचारतेय:
एकाच नावाच्या दोन फाईली आहेत, एक काढून टाकू?
मी 'नको' दाबलं.
पप्पांनी चष्मा मागितला, मग लाल वही.
एकशे सत्तेचाळीसच्या पुढं,
जिथं जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात लिहिलं:
प्रती दोन. जुळत नाहीत.
खाली सही.
तारीख.