खिशातला खजूर

सहाला पिकअप येतो.
त्याआधी वाटीभर ओट्स आणि आठ गोळ्या,
पाच-पाच मिलिग्रॅमच्या, पांढऱ्या.
जिभेवर एक जरी अडकली
तर सोहार बंदरापर्यंत तोंड कडूजहर.
त्या कडूतूनच साखर होते,
हे मला डॉक्टर मगदींनी दोनदा समजावलं,
तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

दोन महिने मी फक्त सकाळीच बोट टोचत होतो.
एकशे चार. अठ्ठ्याण्णव. एकशे दहा.
वहीत लिहायचो आणि खुशीत असायचो.
मग एकदा लिसी सिस्टरनं
दुपारी चारला बोट धरलं
आणि मीटरकडे बघून नुसतीच गप्प राहिली.
तीनशे अठरा.
म्हणाली, ही साखर सकाळी घरी नसते हो,
दुपारच्या पाळीला येते.

तेव्हापासून फ्रिजमध्ये
शाबूच्या मत्तीच्या डब्याला टेकून
माझं इन्सुलिनचं पेन.
कुणी टाकून देऊ नये म्हणून
खलफाननं त्यावर माझं नाव अरबीत लिहिलंय.
मला ते वाचता येत नाही.
इतकी वर्षं इथं काढली,
आणि माझं नाव मी शाई बघून ओळखतो.

वैजयंता फोनवर चेहरा बघते.
देवरुखला तेव्हा दिवेलागण झालेली असते.
म्हणते, गालांवर बाळसं आलंय की तुमच्या!
मानवला हो परदेश.
मी हो म्हणतो.
फुप्फुसातली सूज खाली बसावी म्हणून
तोंडावर चढलेली ही दुसरी सूज
तिला सुखवस्तू दिसते.
दिसू दे.
कॉलर आता लागत नाही,
तेवढी मी फोनच्या चौकटीबाहेर ठेवतो.

कंपनीच्या मेडिकलला अजून चार महिने आहेत.

खलफान रोज दहाला कहवा ओततो.
त्याच्या आईच्या बागेतला खजूर, खलास जातीचा,
बोटांना चिकटणारा, मधाच्या रंगाचा.
नको म्हणणं तोंडातून निघत नाही.
मी एक उचलतो, बोलण्यात गुंगल्यासारखा होतो
आणि हळूच टिश्यूत गुंडाळून
डांगरीच्या खिशात सारतो.
फिंजान हलवून पुरे म्हणायला शिकलो,
खजुरासाठी तशी खूण नाही.
लॉकरमध्ये मुंग्यांची रांग लागली.
शाबू म्हणाला, चेट्टा, तुझ्या कपड्यांना साखर झाली!
हसलो खरा,
पण आजोबांच्या मोरीतल्या मुंग्या आठवल्या,
आणि त्या बघून वैद्यानं हलवलेली मान.

मग गोळ्या सहावर आल्या. मग चारवर.
एकदम बंद करायच्या नाहीत, सिस्टरनं बजावलेलं,
गच्चीवरून पायऱ्यांनी उतरतो तसं उतरायचं.
मी उतरलो.
सुईचा आकडा मात्र वरच विसरलो.
चारच गोळ्या, आणि पेन अजून चोविसावर.

त्या दिवशी यार्डात सत्तेचाळीस अंश.
कंटेनरच्या याद्या जुळवताना
आकडे कागदावरून घसरायला लागले.
घाम होताच, पण हा वेगळा, गार.
गुडघ्यात लोणी.
खालिद नावाचा पोरगा काहीतरी विचारत होता
आणि मला मराठीसुद्धा सापडत नव्हती.
हात आपोआप खिशात गेला.
टिश्यूसकट चावला असेन.
बी कुठं गेली कळलं नाही.
दुसरा. कालचा, कडक झालेला.
कंटेनरच्या सावलीत बसून
पहिल्यांदा मी खलफानच्या आईचा खजूर खाल्ला.

थोड्या वेळानं मीटर म्हणाला, एकाहत्तर.
त्याआधी किती होती, कुणास ठाऊक.

लिसी सिस्टर फोनवर भडकली.
गोळी उतरली की सुईही उतरते,
लगेच कळवायचं, मनानं काही नाही!
चोविसाचे चौदा झाले.
वहीत मी आता चारचा रकाना
सकाळच्या रकान्यापेक्षा रुंद आखतो.
आणि खिशात दोन खजूर असतातच,
आता लपवलेले नाहीत, ठेवलेले.
खलफानला सगळं सांगितलं.
तो म्हणाला, आधी बोलला असतास
तर आईनं सुकवलेले दिले असते.

काल वैजयंतानं फोन डोळ्यांजवळ नेला.
बराच वेळ बघत राहिली.
गाल बसलेत हो तुमचे,
जेवत नाही का नीट?
कॉलरचं बटण लागलं होतं.
मी फोन जरासा खाली धरला,
आणि म्हटलं, बस जरा,
तुला एक सांगायचंय.