जवळचे नातेवाईक

कोंडाबाई सुरवसे, वय अंदाजे पासष्ट,
राहणार घाटनांदूरच्या पुढं, रुळापलीकडं.
शुगर. उजव्या पायाची दोन बोटं काळी.
डॉक्टर म्हणाले, सकाळीच घ्यावं लागेल.
समाजसेवेच्या टेबलावर मी फॉर्म पुढं ओढला:
घरी कोण असतं?
"वकील असतो."

मी लिहिलं. मुलगा, वकील.
बरं झालं म्हटलं, सहीला कुणीतरी शिकलेलं आहे.
रेशनकार्ड झालं, योजनेचा नंबर झाला,
अंगठ्याच्या वेळेला बाईनं हात पदरात ओढला.
"दोन दिस झाले त्येला बांधून आलेय.
पाणी सांडलं असंल. दुसऱ्याच्या हातचं खात न्हाई.
लई भांडतो, म्हणून तर नाव पडलं."

रात्री अकराला खाट रिकामी.
वॉचमनला सापडली गेटापाशी,
सलाईनची सुई तशीच हातात,
अहमदपूर गाडीची वाट बघत.
"पाय जाईल, बाई."
"जाऊ द्या माय. पाय काय मला हाक मारत न्हाई."

अंबाजोगाईच्या ह्या दवाखान्यात माझ्या कपाटात
निराधारांचा अर्ज आहे, कुबड्यांचा आहे,
बेवारस प्रेतांची वेगळी वही आहे, लाल कापडात.
दाराशी बांधलेल्या जिवंत कुत्र्याचा कागद नाही.
ग्रामसेवक फोनवर हसला.
जनावरांच्या दवाखान्यातले म्हणाले, गाय असती तर बघितलं असतं.

शेवटी एक्स-रेच्या निसारनं गाडी काढली,
त्याची सासुरवाड तिकडंच.
बाईचं मळकं लुगडं पिशवीत घातलं, वासाला.

पहाटे साडेचारला फोन.
"मॅडम, चावला मला. पण भाकर खाल्ली."
मी स्पीकर लावून बाईच्या कानाशी धरला.
आधी नुसती खरखर.
मग असा भुंकला, की सगळ्या खाटा उठून बसल्या
आणि सिस्टर चप्पल न घालताच धावत आली.
"गप. गप रं. हाय मी हितं."
एवढं म्हणून तिनं
अंगठा स्वतःच शाईत दाबला.

बोटं गेली, टाच राहिली.
निसारच्या पाच सुया आम्ही वाटून लक्षात ठेवल्या.

फॉर्मवरचा 'मुलगा' खोडायला गेले,
हेडक्लार्क म्हणाला, खाडाखोड चालत नाही.
वयाचा रकाना तेवढा कोरा होता.
तिला विचारलं.
"पुलाचं काम निघालं तवाचा," म्हणाली.
मी लिहिलं, सात.