हिरवं घर

अकरा मिनिटांत ड्रोनने अख्खं कुरोहामा उचललं.
दुपारी ते माझ्या पडद्यावर उतरलं:
एकशे सात घरं, नुसत्या बिंदूंची,
कुणी मूठभर रवा उधळावा
आणि तो हवेतच थबकावा तशी.

पुढचं प्रोग्रॅम आपला आपण करतो.
उतार शोधतो, आढं आखतो, मग रंग भरतो.
लाल म्हणजे गेलं. पिवळं म्हणजे निम्मं.
हिरव्याला काही मिळत नाही.

मिझोगुची फुसाए यांचं घर हिरवं आलं.

शाळेच्या हॉलमधल्या निवाऱ्यातून त्या चालत आल्या,
रबरी बूट, पिशवीत सुकवलेली पर्सिमॉन.
पडद्याजवळ नाक नेऊन पाहत राहिल्या.
"छान दिसतंय," म्हणाल्या,
"लग्न होऊन आले तेव्हा असंच होतं."

मी मूळ फोटो उघडला.
निळी ताडपत्री, कडेला वाळूच्या पिशव्या,
एक सुरकुती नाही.
भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी पुतण्याने जीव तोडून ताणलेली.
यंत्राला ती सपाट दिसली, आणि सपाट म्हणजे शाबूत.
जिथे काहीच दिसलं नाही तिथे त्याने स्वतःच भरलं;
त्याला भोकं खपत नाहीत,
शेजारच्या बिंदूंवरून अंदाज बांधून बुजवून टाकतं.
सांत्वनाला येणारे करतात तसंच,
चांगल्या मनाने.

निकाल बदलायचा तर पुन्हा उड्डाण,
आणि उड्डाणाला छप्पर उघडं हवं.
हे कसं सांगावं म्हणून मी वाक्य जुळवत होतो.
त्याच म्हणाल्या, "काढू की. बुधवारी कोईची मोकळा असतो."

बुधवारी आभाळ बर्फाने जड.
कोईची शिडीवर, गाठी गोठलेल्या, बोटं फुंकत.
ताडपत्री सरकली तशी काळी कौलं दिसली,
तिच्या नवऱ्याने एकेक तांब्याच्या तारेने बांधलेली,
आणि आढ्यापाशी खिंडार,
खाली खोलीत चटई, भिंतीवर
डिसेंबरातच राहिलेलं कॅलेंडर.

ड्रोन वर गेला.
फुसाएबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, केस सारखे केले.
मी म्हटलं, "तुमचा नाही, छपराचा फोटो आहे."
"हो, ठाऊक आहे," म्हणाल्या, आणि ताठ उभ्या राहिल्या.

चार मिनिटं लागली.
तिसऱ्याला बर्फ सुरू झालं, आत, चटईवर.

संध्याकाळी घर लाल आलं.
अंगणात एक मीटर बेचाळीस उंचीचे
काही बिंदू उरले होते.
प्रोग्रॅमने त्यांना नाव दिलं होतं: झुडूप.
असली अडगळ काढूनच मॉडेल पाठवायचं असतं.

मी तसंच पाठवलं.