सहावी नळी

ग्रात्सिएत्ता मुरा, वय एकसष्ट,
ओल्यास्त्राच्या डोंगरात मेंढ्या, चीज आणि गुडघेदुखी.
बाही वर करते तेव्हा हाताला अजून निवळीचा वास.
तिची शीर सापडायला मला कधी वेळ लागत नाही.
"सहा नळ्या?" ती म्हणते, "मागच्या खेपेला चार होत्या.
महागाई तुमच्याकडेही आली वाटतं."

कागदावर ही बाई आजारी असायला हवी होती.
आईकडून एक मोडकं जनुक, बापाकडून एक:
म्हणजे दर तीन आठवड्यांनी परक्याचं रक्त,
फुगलेली प्लीहा,
आणि लोखंड,
काळजात थराथरानं साठत जाणारं लोखंड.
तिच्या भावाचं तसंच झालं. बाइन्जो.
त्याचं कार्ड आमच्या कपाटात आहे अजून,
एकोणिसाव्या वर्षानंतरचे रकाने कोरे.

हिला मात्र चार मुलं झाली,
एकदाही पिशवी टांगावी लागली नाही.

"पोटात असताना आपलं रक्त वेगळं असतं,"
डॉक्टर मेरेउंनी तिला समजावलं होतं,
"आईकडून प्राणवायू ओढून घेणारं.
जन्मानंतर काही महिन्यांत ते दुकान बंद होतं.
तुझं झालंच नाही."
ग्रात्सिएत्तानं डोळे बारीक केले.
"म्हणजे मेंढवाड्याचं फाटक लावायला कुणीतरी विसरलं."
डॉक्टर हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

तर तो विसरणारा कोण, हे शोधायला
काल्यारीत, तिसऱ्या मजल्यावर, सात वर्षं
जी माणसं एका टेबलाशी बसतात
त्यांना एकमेकांची बोली कळत नाही.
इलेनिया आकडे बघते; तिला रक्त पाहिलं की घेरी येते.
गाव्हिनो पूर्वी प्लास्टिकच्या लांब साखळ्या
कशा गुंततात ते मोजायचा.
आणि मी सुई टोचते.

एका दुपारी गाव्हिनोनं माझ्या टेबलावर
तांबड्या लोकरीचा धागा पसरला.
"इथे दटावणारा, जो फाटक लावून घेतो.
आणि इथे, पार दुसऱ्या गावाला म्हण,
त्याला बळ पुरवणारी जागा."
मग धागा चिमटीत घेऊन दुमडला.
दोन्ही जागा एकमेकींना टेकल्या.
"शेजार अंतरानं ठरत नाही," तो म्हणाला, "घडीनं ठरतो."
ग्रात्सिएत्ताच्या त्या जागी एक अक्षर निराळं होतं.
दटावणाऱ्याचा आवाज बसला होता, इतकंच.
इतकंच नसेलही, इलेनिया म्हणाली;
ती 'असेल-नसेल'शिवाय वाक्य संपवत नाही.

आज तिसरी नळी भरत असताना
ग्रात्सिएत्ता विचारते, "ते अक्षर मला दिलं कुणी?"
"बापानं."
"मग बाइन्जोला का नाही?"

मला उत्तर माहीत होतं.
त्याची एक जुनी काचपट्टी सापडली होती,
वाळलेला, रंगवलेला थेंब; त्यातून तेवढं वाचता आलं.
बापाजवळ दोन प्रती होत्या.
एक हिला आली, दुसरी त्याला.
कुणी निवडलं नव्हतं.

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली.
"पावाचा मोठा तुकडा मी नेहमी त्यालाच द्यायचे,"
म्हणाली, आणि मग, जणू बाजाराचं बोलणं,
"एका नळीवर त्याचं नाव घाल."

नाव घालत नाहीत, मी म्हटलं. नियम आहे.
यंत्रातून नुसता नंबर निघतो.
"नंबर ना? मग तो कुणाचाही असू शकतो."
सहावीला तिनं आपल्या हातानं चिकटवला. तिरका.

खालच्या मजल्यावर आठ वर्षांची नोएमी
पिशवी संपेपर्यंत गणितं सोडवते आहे.
या नळ्यांतून तिच्यासाठी काही निघेल का,
मला ठाऊक नाही, आणि खोटं बोलायचं वय गेलं.

रक्त गोठू नये म्हणून नळी
आठ वेळा उलटीसुलटी करायची असते, हळूच.
पाच नळ्या मी मोजून केल्या.
सहावीला मोजणं चुकलं,
किती वेळ फिरवत राहिले कोण जाणे.