नव्या खात्यासोबतची चिठ्ठी

रोझलिन, तुझं खातं उघडलंय.
पासवर्ड फोनवर सांगेन, इथे लिहीत नाही.
आत शिरलीस की काळ्या पडद्यावर एक ओळ,
ओळीच्या टोकाला लुकलुकणारी काठी.
वाटतं, ती आपली वाट बघतेय.
ती कुणाची वाट बघत नाही.
वेंगुर्ल्याच्या दीपगृहासारखी नुसती लुकलुकते,
होडी असो, नसो.

उतरशील तो लॉगिन नोड. त्याला बंदराचा धक्का समज:
इथे जाळी सांधायची, बर्फ भरायचा, चार शब्द बोलायचे.
मासे इथे पकडत नाहीत.
गेल्या मार्गशीर्षात प्रियोळकर सरांनी
खाडीच्या गाळाचं अख्खं मॉडेल
धक्क्यावरच चालू केलं
आणि एकोणचाळीस जणांचे पडदे गोठले.
मी त्यांची प्रोसेस मारली.
त्यांच्याच हाताखाली शिकले होते.
संध्याकाळी ते आले, हातात
वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बांगडे.
‘बरं केलंस,’ म्हणाले,
आणि उगाच एसीखाली उभे राहिले थोडा वेळ.

कंपायलर तीन आहेत, आपोआप एकही येत नाही.
मॉड्यूल मागून घ्यायचं, नावासकट, आवृत्तीसकट.
नुसतं ‘पायथन दे’ म्हटलंस
तर यंत्र तुझ्याकडे तसं बघेल
जशी ‘मासे दे’ म्हणणाऱ्या पाहुण्याकडे मासेवाली बघते.

काम रांगेत टाकलंस की नंबर मिळेल,
पुढे लिहिलेलं असेल: प्रलंबित.
जास्त मागशील तर जास्त थांबशील.
तास किती लागतील ते खरं सांग,
खऱ्याच्या वर थोडं सांग.
वेळ संपली की ते माझंही ऐकत नाही,
छत्तिसाव्या तासाला, उत्तर दोन पावलांवर असताना
दोर कापतं.
म्हणून मध्ये मध्ये लिहून ठेवत जा, कुठवर पोचलीस.

होममध्ये जागा वीतभर,
पण रोज रात्री तिची नक्कल पुण्याला जाते.
स्क्रॅच अफाट. तिथे तीस दिवस
कुणी न शिवलेलं सगळं पुसलं जातं.
कोण पुसतं? मीच.
म्हणजे मी लिहिलेली सात ओळींची स्क्रिप्ट,
पहाटे तीनला, मी झोपेत असताना.
सागरेश्वरच्या वाळूचं तीन पावसाळ्यांचं मोजमाप
गेलं त्यात, एका मुलाचं.
त्याला मी चार मेल पाठवले होते.
चारही आहेत माझ्याकडे अजून.
त्यांचा काय उपयोग.

आणि हे. काही फाइलींच्या नावाआधी ठिपका असतो,
म्हणून त्या दिसत नाहीत.
दिसत नाहीत म्हणून नाहीत असं नव्हे.
त्यातली एक सगळ्यांना सारखीच मिळते,
तिच्या सतराव्या ओळीवर दाजी केळुसकरांनी लिहिलंय:
‘हयसर हात लावू नको.’
दाजी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
परुळ्याला सुपारीची बाग बघतात.
अठरावी ओळ काय करते मला माहीत नाही.
एकदा काढून बघितली. काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशी मुकाट परत घातली.
फोन करून विचारलं तर म्हणाले,
‘खंयची गो ओळ?’

वीज जाईल. बॅटरी एकोणीस मिनिटांची.
बाबी आरोलकर जनरेटर चालू करण्याआधी
चपला काढून गाऱ्हाणं घालतो,
खाऱ्या वाऱ्याचं, गंजल्या स्क्रूंचं, डिझेलच्या बिलाचंसुद्धा,
आणि आम्ही सर्व्हर-रूमच्या दारातून
‘व्हय म्हाराजा’ म्हणतो,
पीएचडीवाले सगळे, घड्याळाकडे बघत.
तू म्हटलं नाहीस तरी चालेल.
इगर्जीतलं काही म्हण. बाबी हरकत घेत नाही.

अडलं तर मला लिही.
एररची पहिली ओळ पाठव, लोक शेवटची पाठवतात.
आणि शाल आण.
आत अठरा डिग्री असतं,
बाहेर मे महिना असला तरी.