उजवी खुर्ची

यादीत मी चार हजार एकशे अठरावा.
माझ्या मागे मूठभर, पुढे अख्खं गाव.
सिम्युलेटरची तारीख पडली चौदा फेब्रुवारी,
मिनियापोलिस, पहाटे पाचची पाळी.
त्याच सकाळी नऊला सेंट पॉलच्या कोर्टात
सगल नागरिकत्वाची शपथ घेणार.

अकरा वर्षं तीही एका यादीत होती.
मोगादिशू, नैरोबी, मग हे स्वयंपाकघर;
फाइलचा नंबर तिला तोंडपाठ, माझ्या फोनचा नाही.
"बदलून घे की," म्हणाली,
"तुमची रांग तर एवढीशी."

करार दोनशे चाळीस पानांचा.
अदलाबदल चालते, फक्त
विमान तेच हवं, खुर्ची तीच हवी,
आणि सुटलेली तारीख अठ्ठेचाळीस तास फलकावर.
ज्येष्ठ आधी.

व्हर्ना टॉलेफसन हो म्हणाली. नंबर एकसष्ट.
बत्तीस वर्षं उजव्या खुर्चीत, कॅप्टन झालीच नाही.
डावीकडचं शेपूट होण्यापेक्षा
उजवीकडचं डोकं बरं, म्हणायची.
एकही नाताळ तिनं घराबाहेर काढला नाही.

तिची अठ्ठावीस फलकावर लागली.
सत्तेचाळिसाव्या तासाला प्रोहास्कानं उचलली.
नंबर दोन हजार तीनशे सात, त्याचा हक्क.
त्याच्याही घरी काही असेल,
किंवा गोठल्या तळ्याला भोक पाडून
मासे धरायचे असतील.
व्हर्नाकडे त्याची एकोणीस गेली.
माझी चौदा माझ्यापाशीच.

सगल ताटली पुसत राहिली, कोरडी झाली तरी.
"पुढची तारीख मागते."
पुढची म्हणजे आठ महिने.

नऊ तारखेला रात्री निरोप आला:
ज्येष्ठतेच्या हक्काने आपली तारीख काढून घेण्यात आली आहे.
घेणार: टॉलेफसन, व्ही.
आपणास: एकोणीस, रात्री अडीच.

दोनदा वाचलं.
मागून घ्यायचं तर फलक, दोन दिवस, हजारो डोळे.
हिसकावायचं तर विचारावं लागत नाही कुणाला.
माया करायला करारात रकानाच नव्हता,
म्हणून ती माझ्या डोक्यावर पाय देऊन गेली.

एप्रिलात तिची पासष्टी.
चौदाच्या पहाटे ती संगणकाच्या बर्फात
उजवं इंजिन विझवत असणार,
बत्तीस वर्षांत एकदाही खरं न पेटलेलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात युनियनचा फोन.
"ऐन वेळी तुम्हाला ढकललं, नोंद आहे आमच्याकडे.
तक्रार करायची?"
नाही म्हटलं.
"नक्की? केस मजबूत आहे."
आत नावं पुकारू लागले होते, आडनावांच्या क्रमानं.
सगलनं हातातला कागदी झेंडा माझ्याकडे दिला,
म्हणाली, धर जरा,
आणि बूट घट्ट बांधायला वाकली.