तेलाचं फडकं

मिस्सा सुटल्यावर खराडीतला एक पोरगा,
कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच,
विचारतो, फादर, एकदाही वाटलं नाही का
की चुकलं?

मी चपला शोधत होतो.
तेवढ्यात खडकीहून फोन आला,
गाब्रिएल तोरणेंचं काही खरं नाही.
पोराचं उत्तर तिथंच राहिलं, पायरीवर.

होळकर पुलावर स्कूटर बंद पडली.
किका मारता मारता म्हटलं, वाटलं की. कितीदा.
रविवारी दुपारी, सगळे आपापल्या घरी गेल्यावर
बाकांवरच्या छत्र्या, बाटल्या, कुणा बाळाचा
एकच मोजा गोळा करताना,
आणि त्या मोज्यात दोन बोटं घालून बघताना.

तोरणे दारूगोळा कारखान्यात, तेहतीस वर्षं लेथवर.
मुठी उघडेनात.
सुनेनं एकेक बोट सोडवलं,
मी कपाळाला तेल लावलं, मग तळव्यांना.
डोळे न उघडताच म्हणाला,
"ग्रीस आहे का हो?"
"तसंच काहीतरी," म्हटलं.
सून रडता रडता हसली.

माझ्या तळव्यांना तेल लागलं तेव्हा मी सत्तावीसचा.
बिशपांनी हात बांधले पांढऱ्या फडक्यानं.
ते फडकं आईचं, अशी रीत,
तिनं पेटीत जपायचं
आणि मातीत जाताना हाती घेऊन जायचं.

पुढच्याच महिन्यात आई शिवाजीनगर स्टँडवर उतरली,
संगमनेरहून, उभ्यानं,
बाजरीच्या भाकरी त्याच फडक्यात बांधून.
"अगं, हे ते फडकं!"
"मग? पेटीत ठेवून कुणाचं पोट भरतंय?"
तिथंच बाकावर बसून खाल्ल्या आम्ही.
ती मोजत होती, मी किती खातो.

रेमेजिया तिचं नाव.
पेटी बंद करण्याआधी फडकं तिच्या हातात दिलं तेव्हा
लसणाच्या चटणीचा डाग
तसाच होता.

तोरणेंच्या सुनेनं निघताना डबा पुढं केला.
एरवी नको म्हणतो.
आज पुलाच्या कठड्याला टेकून, उभ्यानंच खाल्ला,
बोटांना तेल होतं ते तसंच.

भरून पावणं म्हणतात ते हेच का,
पोरा, मला अजून नीट सांगता यायचं नाही.
रविवारी ये, पुन्हा विचार.
मोजा टेबलावर ठेवलाय.
कुणी मागायला आलेलं नाही.